दुय्यमाची इच्छा

भूम तालुक्यातल्या आमच्या ईटमध्ये मी बरीच वर्षं मुलींच्या खो-खो संघाचा दुय्यम प्रशिक्षक होतो. सारिका काळे याच धाराशिव जिल्ह्यातल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मैदानावर मुलींची संख्या वाढली. माझं काम मात्र तेच राहिलं. चुन्याच्या रेघा आखायच्या, सोललेले गुडघे बांधायचे. डाव सर ठरवत.

एका स्पर्धेत आम्ही एका गुणाने हरलो. मुली रडत होत्या आणि माझ्या मनात आलं, आता तरी मला विचारतील. हा विचार कुणाला दिसला नाही, पण मला दिसला आणि लाज वाटली. तेव्हापासून एक प्रश्न सुटलेला नाही: दुसऱ्याचं पडणं न मागता वर जाण्याची इच्छा धरता येते का?

अशा वेळी अमोल मुझुमदार यांचं नाव घेतलं जातं. १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून ते पॅड बांधून बसून राहिले. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, तरी भारताकडून खेळायला मिळालं नाही. २०१९ मध्ये भारतात आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे ते हंगामी फलंदाजी प्रशिक्षक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी संघाने विश्वचषक जिंकला.

गोष्ट सुंदर आहे. पण तिच्यातून ‘धीर धरा’ एवढाच धडा काढणं मला पटत नाही. धीर न सुटताही ज्यांना कुणी बोलावलंच नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार? शिवाय ती खुर्ची आधी रमेश पोवार यांच्याकडे होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पाठवलं गेलं. जागा रिकामी होते ती कुणीतरी उठल्यामुळेच.

खो-खोत मात्र वेगळं घडतं. बसलेल्याने खो मिळण्याआधी उठायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याची दुसरी बाजू आपण विसरतो: खो देणारा स्वतः त्या रिकाम्या जागी बसतो. त्यात कुणी पडत नाही. धावणारा दमला तरी खो देत नसेल, तर बसलेल्याला संयम शिकवण्यात काय अर्थ?

म्हणजे माझ्या त्या विचाराचा दोष सरांवर ढकलायचा का? नाही. वर जावंसं वाटणं हे पाप नव्हतं. त्यासाठी मुलींची हार मला चालली, ते पाप होतं. हा फरक कळायला मला फार वर्षं लागली.

सर निवृत्त झाले आणि संघ माझ्याकडे आला. आता चुना एक तरुण पोरगा टाकतो. मागच्या महिन्यात आम्ही हरलो, तेव्हा मी मुलींच्या आधी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. पुढच्या सामन्यात डाव त्याने ठरवायचा, असं मी त्याला सांगितलं आहे. गुडघे मी बांधीन.