संपादकाचे पद आणि विवेक

विद्यार्थिदशेपासून लिहिणाऱ्याच्या हाती वृत्तपत्राची सूत्रे आली, की त्याने कोणाशी प्रामाणिक राहावे: वाचकांशी, सहकाऱ्यांशी की स्वतःच्या बुद्धीशी? वऱ्हाडातील अकोल्यात शिकताना गोपाळ गणेश आगरकर ‘वऱ्हाड समाचार’साठी लिहीत. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८८१ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये त्यांनी सहकारी टिळकांसह १०१ दिवसांचा तुरुंगवास भोगला.

तरीही खरी कसोटी पुढेच होती. तुरुंगात सहकारी सोबत होता; बालविवाह आणि रूढींच्या प्रश्नावर तोच विरोधात उभा राहिला. शास्त्रवचनही बुद्धीला पटल्याशिवाय स्वीकारू नये, ही आगरकरांची भूमिका. ती सोडून पद राखणे त्यांना शक्य होते. त्यांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी बदलली नाही. संपादकपदाचा अधिकार नेमणुकीने मिळतो. तो टिकतो मात्र विवेकावर, आणि आगरकरांनी तो पद सोडून टिकवला.