प्रवाहाचें माप

परोपकाराचें माप उपकारकर्त्याच्या ऐपतीवरून ठरावें, कीं घेणाराच्या शक्तीवरून? घरांतील कांचेच्या मत्स्यपेटीपाशींहि हा प्रश्न उभा राहतो. माशांच्या शरीरांतून निघणारा अमोनिया विषारी. गाळणींतील स्पंजावर वाढणारे जंतु त्याचें नायट्राइट व पुढें बरेंच सौम्य असें नायट्रेट करतात. तेव्हां गाळणी हवीच. पण थायलंडच्या भातखाचरांतील संथ पाण्याचा रहिवासी जो बेटा नांवाचा लढाऊ मासा, त्यांतून लांब परांचा, हौसेखातर पैदा केलेला, तो हवा घेण्यास वारंवार वर येतो. धन्यानें प्रेमानें बसविलेल्या जोरकस यंत्राच्या लोटांत त्याचा सारा दिवस झुंजण्यांत जातो. पाणी निर्मळ, मासा थकलेला! (विद्यादानाविषयीं आम्ही येथें बोलत नाहीं.) सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकाला चिकटून राहणाऱ्या माशास मात्र हाच लोट मानवेल. नदींत मासा न सोसणारी धार सोडून काठच्या गवतांत शिरतो. पेटींत ती वाट आपणच बंद केलेली असते. म्हणून त्याच्या बळाचा हिशेब ठेवणें यास आम्ही दया म्हणत नाहीं; तें ऋण आहे. हवेच्या पंपावर मंदपणें चालणारी स्पंजाची गाळणी अशा माशास पुरते, आणि जंतूंनाहि तींत घर मिळतें. यंत्र बसविल्यावर मासा अन्नासाठीं मोकळेपणीं वर येतो, कीं कोपऱ्यांत दडून बसतो, हें चार दिवस पाहावें.