माघारीतली माणसं

18 सप्टेंबर 2016 च्या पहाटे उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला. त्यात गेलेल्या जवानांपैकी कुळमेथे हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले, तर उईके नांदगाव खंडेश्वरचे. आमच्या नेरहून अमरावतीच्या एसटीत बसलं की वाटेत नांदगाव लागतंच, इतकं ते जवळचं. तळावर पलटणींची अदलाबदल चालू होती, बरेच जवान तंबूंत होते आणि तंबूंनी पेट घेतला. पुढे जानेवारी 2019 मध्ये 'उरी' चित्रपट आला. बांधणीला पक्का, प्रेक्षकाला खुर्चीला खिळवणारा. पण तो कमांडोंचा आहे. तंबूतली माणसं त्यात काही मिनिटांत संपतात आणि त्यांच्या मरणाने दुसऱ्याच्या पराक्रमाला निमित्त मिळतं.

तंबूतल्या माणसांचा चित्रपट हिंदीत एकदा होऊन गेला आहे. चेतन आनंद यांचा 'हकीकत', 1964 चा. चीनचं युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती, हार ताजी होती. आपले अनेक युद्धपट विजयाकडे धावतात. 'हकीकत' लडाखमधल्या माघारीची गोष्ट सांगतो आणि त्याची लाज बाळगत नाही. जवान चौकीत बसून आहेत. आधी गोळी चालवायची नाही असा हुकूम आहे, समोर शत्रू वाढत चालला आहे, आणि पुढचा हुकूम येत नाही. बलराज साहनींच्या मेजरच्या चेहऱ्यावर ते सगळं ओझं दिसतं.

आमच्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी रात्री जागलीला जातो. काही घडलं नाही तर सकाळी त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नसतं, तरी रात्र त्याच्या अंगावरून गेलेली असते. सैनिकाच्या नोकरीचा फार मोठा भाग असाच असतो, आणि पडद्यावर तो क्वचितच येतो.

'हकीकत'मधल्या एका गाण्यासाठी तर मी हा चित्रपट कुणालाही बघायला सांगेन. रात्र, डोंगर, बर्फ आणि थकलेले जवान. कैफी आझमींचे शब्द, मदन मोहन यांची चाल. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि तेव्हा नवखे असलेले भूपिंदर असे चार आवाज आळीपाळीने येतात. एकच नायक असता तर एका गळ्यावर भागलं असतं. इथे प्रत्येकाचं घर वेगळं, घरी वाट बघणारं माणूस वेगळं, म्हणून गळेही वेगळे. कॅमेरा एकेका चेहऱ्याशी थांबतो. शत्रूचा उल्लेखही न होता युद्ध काय हिरावून घेतं ते कळतं.

पडद्याबाहेरची हकीकत याहून कठोर होती. 18 नोव्हेंबर 1962 ला रेझांग ला इथे, सोळा हजार फुटांवर, 13 कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंग यांच्यासह उभी होती. सुमारे 120 जवान, बहुतेक हरियाणातल्या शेतकरी घरांतले. मध्ये डोंगर आल्याने आपल्या तोफांची मदत पोचत नव्हती, बर्फात पुरतील असे कपडे नव्हते. शंभराहून जास्त तिथेच पडले. हिवाळा ओसरल्यावर प्रेतं सापडली, तेव्हा अनेकांची हत्यारं हातातच होती. युद्ध चालू असतानाच यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीने बोलावून घेतलं. पुढे अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीला दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले. विदर्भाशी त्या पराभवाचं नातं असं जुळलं.

'हकीकत'मध्ये दोषही आहेत. चिनी सैनिकाला त्यात माणसाचा चेहरा मिळत नाही. प्रिया राजवंश यांची लडाखी मुलगी मला पटत नाही. पण धर्मेंद्र यांचा कॅप्टन आणि ती मुलगी मागे थांबून शत्रूला अडवतात आणि बाकीच्यांना निसटू देतात, तो प्रसंग मराठी माणसाला परका वाटू नये. 1660 च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांनी हेच केलं होतं. महाराज विशाळगडाकडे निघाले होते, म्हणजे तीही माघारच होती. तिला आपण कधी कमी लेखलं नाही. मग आपल्याच काळातल्या शिपायाची माघार बघायला आपण का बिचकतो?

रशियात सर्गेई बोंदार्चुक यांनी 1975 मध्ये शोलोखोव्हच्या कादंबरीवर 'ते मातृभूमीसाठी लढले' हा चित्रपट केला. ज्या देशाने बर्लिनपर्यंत मजल मारली, त्याने 1942 च्या उन्हाळ्यात डॉन नदीकडे मागे हटणारी दमलेली पलटण निवडली. त्यातले शिपाई कुरकुरतात, खंदक खणतात, खायला काय मिळेल याची चिंता करतात. त्यातले एक प्रमुख नट वासिली शुक्शिन चित्रीकरण चालू असतानाच वारले. विजयी देशाला आपले थकलेले शिपाई दाखवण्याचा संकोच वाटला नाही.

नेरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत होतात यावर त्यांचं सगळं गणित. घरी कोरडवाहू कापूस नाहीतर सोयाबीन. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी चारातला फार तर एक कायम. यांच्यापैकी कमांडो होणारा एखादाच. बाकीचे चौकीत, तंबूत, गाडीत, दारूगोळ्याच्या डेपोत असतील. असा डेपो जवळच पुलगावला आहे. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या आगीशी झुंजताना दोन लष्करी अधिकारी आणि अनेक अग्निशामक जवान गेले. सरहद्द तिथून शेकडो कोस लांब होती.

या पोरांच्या मोबाइलवर 'उरी'चे तुकडे आहेत, ते असायला माझी हरकत नाही. पण त्यांची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकादमीने त्यांना एकदा तीन तास बसवून 'हकीकत' पूर्ण दाखवावा आणि त्यावर त्यांना बोलू द्यावं, आईबापांनाही बोलवावं. आणि मराठीत कुणी युद्धपट काढणार असेल, तर त्याने वणीला जावं, नांदगावला जावं, पुलगावला जावं आणि गेलेल्या माणसांच्या घरी आधी नीट ऐकून घ्यावं.