श्वास आपला, घोर कुणाचा?

संध्याकाळी सहानंतर नागपुरात सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, मेन रोडवर कुणी ‘वर्तमान क्षणात राहा’ असा सल्ला दिला, तर ऐकणारा हसेल. तिथे दुसरं करता तरी काय येतं? मागून स्कूटी, समोरून हातगाडी, कपड्यांच्या ढिगावर उभा राहून भाव ओरडणारा पोरगा. लक्ष जरा हललं की पायावर चाक. याच सीताबर्डीतल्या कोचिंग क्लासांची मुलं छातीत धडधडतं म्हणून शेजारच्या धंतोलीत डॉक्टरकडे जातात आणि कधीकधी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, सरावही घेऊन येतात. हा सराव उपयोगी आहे, असंच माझं मत आहे. तो कुणाला, किती आणि कशासाठी द्यायचा, याबाबत मात्र आपण फार ढिसाळ आहोत.

उपयोग कसा होतो ते आधी बघू. एमपीएससीची तयारी करणारा एखादा मुलगा घ्या. अभ्यासिकेत बसल्या बसल्या छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो. ईसीजी नॉर्मल येतो. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात, तेव्हा तो आणखीच धास्तावतो. मग दिवसभर स्वतःची नाडी धरून बसतो. धरली की ती वाढते, वाढली की घाबरतो. परीक्षेपेक्षा धडधडीचंच भय मोठं होऊन बसतं. समुपदेशक त्याला ‘शांत हो’ म्हणत नाही. धडधड नेमकी कुठे जाणवते, घशात की छातीच्या डाव्या बाजूला, किती वेळ टिकते, तिच्यासोबत कोणता विचार येतो, एवढंच बघायला सांगतो. ‘मी नापास होणार’ असं वाटलं, तर मनात नोंद करायची: नापास होण्याचा विचार आला. त्याला खोडायचं नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही. खाली हॉर्न वाजला तर तोही ऐकायचा. काही आठवड्यांनी धडधड कदाचित तेवढीच असते, पण तिच्यापासून पळणं थांबलेलं असतं, आणि मग पुष्कळदा तीही ओसरते. ध्यान म्हणजे मन कोरं करणं, हा समज इथे सगळ्यात आधी मोडावा लागतो.

आधुनिक रुग्णालयात हा सराव रुजवला तो जॉन कबात-झिन यांनी, 1979 मध्ये, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात. त्यांच्याकडे येत ते जुनाट दुखण्यांचे, डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण. कार्यक्रम आठ आठवड्यांचा, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास सराव. 2022 साली अमेरिकेत चिंताविकाराच्या 276 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. काहींना हा कार्यक्रम दिला, काहींना एस्सिटॅलोप्रॅमची गोळी. आठ आठवड्यांनी दोन्हींचा गुण जवळपास सारखा निघाला. अशा बातमीचं ‘गोळ्या फेका, श्वास घ्या’ व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. चाचणीतून तसं मुळीच निघत नाही. तिथे मात्रा होती रोजच्या पाऊण तासाची, आणि शिकवणारे प्रशिक्षित होते. आपल्या वाट्याला येतं दहा मिनिटांचं ॲप, नाहीतर कंपनीने शनिवारी उरकलेलं शिबिर. शाळेत सगळ्यांना सरसकट डोळे मिटायला लावू पाहणाऱ्यांनी तर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली चाचणी वाचावीच. आठ हजारांवर मुलं तिच्यात होती, आणि वर्गात शिकवलेल्या सजगतेने त्यांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही जास्त भर पडली नाही. जे औषध लागू पडतं, ते कुणाला तरी बाधूही शकतं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा अर्जसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतो. ती सावधगिरी ॲपवाल्यांना परवडत नसावी.

नागपूरला या विषयात आणखी एक जबाबदारी टाळता येत नाही. बर्डीहून ऑटोने थोड्याच वेळात दीक्षाभूमी येते. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बुद्ध स्वीकारला, तो काही ताण घालवायला नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडतो, ही कथा नाकारली. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा, युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध आणि त्यापायी पत्करलेला गृहत्याग, हे कारण त्यांनी मांडलं. म्हणजे दुःखाची मुळं शोधायला मनात उतरायचं तसं पाणवठ्यावरही जायचं. अष्टांगमार्गातली सम्यक स्मृती, म्हणजे या सजगतेचं मूळ, त्यांनी गाळली नाही. ती त्याच ग्रंथात आहे.

आता मेन रोडवरचा एखादा फेरीवाला दवाखान्यात आला असं समजा. पोटात गोळा येतो, रात्री तीनला दचकून जाग येते. महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी कधी येईल, हा त्याच्या जिवाला घोर. ही काही विचारांची गफलत नव्हे. गाडी खरंच येते, माल खरंच उचलला जातो. दुकानदारांचं गाऱ्हाणंही खोटं नाही, त्यांची वाट अडते. त्यासाठीच 2014 च्या फेरीवाला कायद्याने सर्वेक्षण, विक्रीचं प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती असा रस्ता आखून दिला. एवढं सगळं बाजूला ठेवून या माणसाला फक्त ‘विचारांकडे बघ’ म्हणणं म्हणजे महापालिकेचं काम त्याच्या फुप्फुसांवर ढकलणं. शिवाय दुपारपासून रात्रीपर्यंत गाडीवर उभा राहणारा रोजचा पाऊण तास आणणार कुठून?

म्हणून त्याला श्वासाकडे बघायला शिकवूच नये का? जरूर शिकवावं, झोप लागणं ही काही लहान गोष्ट नाही. पण केसपेपरवर झोपेच्या तासांखाली ‘प्रमाणपत्र आहे का’ हेही लिहिलेलं असावं, आणि नसेल तर समाजसेवकाने त्याच्याबरोबर बसून अर्ज भरावा. सजगतेने माणूस थंड पडतो, अन्याय गिळायला शिकतो, हा आक्षेप मला पटत नाही. पथक समोर आल्यावर भेदरलेला माणूस एकतर हुज्जत घालतो, नाहीतर पाया पडतो. आपण भेदरलोय हे ज्याच्या वेळीच ध्यानात येतं, त्याला निदान उचललेल्या मालाची यादी मागायचं सुचेल, आणि ती यादी मिळणं हा त्याच कायद्याने दिलेला त्याचा हक्क आहे.