दगडफुलात मालक कोण?



गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या घराघरांत असते. नाव फूल, पण ते फूल नव्हे. खडकावर, झाडाच्या सालीवर वाढणारी ती एक वस्ती आहे. बुरशी ओलावा धरते, आसरा देते. शेवाळ उन्हाच्या बळावर साखर करते आणि तिचा मोठा वाटा बुरशीला जातो.

श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली ही जोडी ओळखली. पण तिचे वर्णन त्याने कसे केले? बुरशी मालक आणि शेवाळ गुलाम! डोळा सूक्ष्मदर्शकाला होता, मनात मात्र समाज होता. पुढे १८७८ साली जर्मनीच्या द बारी याने अशा नात्याला 'सहजीवन' या अर्थाचा शब्द रूढ केला. २०१६ साली तर अनेक दगडफुलांच्या वरच्या थरात यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी सापडली.

मग यात दगडफूल कोणते? बुरशी? शेवाळ? भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला रथाविषयी हेच विचारले होते. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? सुटे करा, रथ उरत नाही. तथागतांचा अनात्मवाद असा आपल्या मसाल्याच्या डब्यातही आहे.

येथे एखादा शास्त्रीबुवा म्हणेल, "पाहा, निसर्गातच कामाची वाटणी आहे, मग वर्णांनी काय बिघडले?" त्याला हरभऱ्याच्या शेतात न्या. मुळावरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र रोपाला देतात, रोप त्यांना साखर पुरवते. पण हे जीवाणू बियातून वारशाने येत नाहीत. प्रत्येक रोपाला ते मातीत नव्याने भेटतात. जमिनीत नत्र भरपूर असले तर रोप गाठी कमी धरते. सोयाबीनवरच्या २००३ सालच्या प्रयोगात तर असे दिसले, की नत्र न देणाऱ्या गाठींचा प्राणवायू रोप कमी करते. कारण असेतो नाते, कारण सरले की नाते सैल. यालाच आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो. जन्माने कायमचे बांधलेले यात काय आहे? श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिला आहे.

निसर्गाला गुरू करा, असे मात्र मी म्हणत नाही. झाडाला शोषणारी अमरवेलही निसर्गातच वाढते. काय घ्यावे, काय टाकावे, हे प्रज्ञेने ठरवावे लागते.

हरभरा फुलावर आला की एक रोप मातीसकट हलकेच उपटा, विहारात आणा आणि मुलांसमोर गाठ नखाने फोडा. आत लालसर दिसले, तर काम चालू आहे.