जुना सीआरओ यादीत घालण्याआधी

नांदेड

चि. बाळ,


तुमच्या लातूरच्या कॉलेजातल्या लॅबमधल्या जुन्या सीआरओंच्या (कॅथोड रे ऑसिलोस्कोपांच्या) निर्लेखनाची यादी तुला करायला सांगितली आहे, हे ताईकडून कळलं. नवे डिजिटल स्कोप आलेत, जागा हवी आहे, सगळं रास्त आहे. ज्यांची ट्यूब विझत आली, नॉब हलवला की ज्यांचा ट्रेस उड्या मारतो, ते खुशाल यादीत घाल. पण स्वच्छ ट्रेस देणारे दोन तरी बाजूला काढ आणि ते ठेवायचे आहेत असं विभागप्रमुखांना लेखी कळव. सह्या झाल्यावर डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद फिरवणं फार कटकटीचं असतं.

आधी त्यांचं पॅनेल नीट बघ. इंदूरच्या सायंटिफिक कंपनीने जर्मनीच्या हामेगच्या रचनेवर बनवलेले एचएम मालिकेतले सीआरओ आपल्याकडच्या कॉलेजांत पुष्कळ होते. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांवर ‘कंपोनंट टेस्टर’ असं बटण असतं. त्याच्या सॉकेटमध्ये वर्षानुवर्षं कुणी वायर खुपसलेली नसते, कारण प्रॅक्टिकलच्या यादीत ते नाही. हे बटण दाबलं की आतला ट्रान्सफॉर्मर समोरच्या सुट्या पार्टला ५० हर्ट्झची बेताची एसी देतो. पार्टवरचं व्होल्टेज पडद्यावर आडवं मांडलं जातं, त्यातून वाहणारा करंट उभा. डायोडचा जो ग्राफ पोरं पॉवर सप्लाय, व्होल्टमीटर आणि मिलिअ‍ॅमीटर लावून दहा रीडिंगांनी काढतात, तोच इथे सेकंदाला ५० वेळा उमटतो.

आणि ती दहा रीडिंग कुठून येतात, हे तुला माहीत आहे. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. परीक्षेत भरघोस गुण मिळवून देणाऱ्या तुमच्या लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे. औसा, निलंगा, उदगीरकडच्या किती घरांचं त्याने भलं केलं, ते डोळ्यांनी पाहिलंय. पण गुणांच्या घाईत डायोडचा गुडघा ०.६ व्होल्टला वळतो हे पाठ होतं, वळताना कुणी बघत नाही. म्हणून हा सीआरओ पोरांसमोर ठेव. एकाने सिलिकॉनचा डायोड लावावा, दुसऱ्याने जुन्या रेडिओतला जर्मेनियमचा, तिसऱ्याने लाल एलईडी. वळण कुठून कुठे सरकतं ते त्यांनाच बोलू दे. मग डायोडला सोल्डरिंग आयर्नची ऊब दे: वळण शून्याकडे सरकायला लागतं. तापमानाचा परिणाम शिकवायला याहून चांगला तास मला माहीत नाही.

चित्रं वाचायला फार वेळ लागत नाही. काहीच जोडलं नाही तर आडवी रेघ, शॉर्ट असेल तर उभी. रेझिस्टर म्हणजे तिरकी रेघ, कपॅसिटर म्हणजे लंबवर्तुळ, डायोड म्हणजे काटकोनातलं वळण, झेनरला अशी दोन वळणं. खरी किंमत आहे ती बिघडलेल्या पार्टच्या चित्राची. मल्टिमीटर एका ठरावीक करंटला एकच आकडा देतो. ज्याच्यातून उलट्या दिशेने थोडी गळती होते तो डायोड कित्येकदा तिथे पास होतो. पडद्यावर त्याची आडवी बाजू कललेली दिसते, वळणाचा कोपरा गोलावतो. बोर्डावरचा बिघाड शोधताना तर पार्ट काढायचीही गरज नसते. सप्लाय तोड, कपॅसिटर डिस्चार्ज कर, आणि चांगल्या बोर्डाचं चित्र अन् बिघडलेल्याचं चित्र एकाच जागी घेऊन ताडून बघ. परदेशात ‘हन्ट्रॉन ट्रॅकर’ नावाचं उपकरण याच तत्त्वावर चालतं.

पॅनेलवर ते बटण नसेल तर डबा तूच बनव. ६-०-६ चा लहान ट्रान्सफॉर्मर, १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, १०० ओहमचा दुसरा, दोन क्लिपा. मधला टॅप आणि एक टोक यांतून ६ व्होल्ट घे. एका वायरीवर १ किलोओहम, मग पार्ट, मग १०० ओहम, आणि परत ट्रान्सफॉर्मर. पार्ट आणि १०० ओहम जिथे भेटतात तो सांधा सीआरओच्या ग्राउंडला जोड. पार्टचं दुसरं टोक एक्सला, १०० ओहमचं दुसरं टोक वायला. सीआरओ एक्स-वाय मोडवर टाक. चित्र उलटं दिसेल. वाय चॅनलचं इन्व्हर्ट दाब. मर्यादाही पोरांना सांग. या डब्यावर ३ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर सगळ्यांत फुगीर दिसतो, तर १०४ छापलेला सिरॅमिक जवळपास आडवी रेघच देतो. म्हणून तो खराब ठरवायचा नाही.

मॉसफेटबद्दल वेगळं लिहितो, कारण लातुरात घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि तुझी निम्मी पोरं उद्या तेच बोर्ड दुरुस्त करतील. ड्रेन-सोर्स तपासताना गेट आधी सोर्सला जोडायचा. गेट मोकळा राहिला आणि बोटाच्या स्पर्शाने त्यावर चार्ज बसला, तर मॉसफेट चालू होतो, पडद्यावर उभी रेघ येते आणि चांगला पार्ट कचऱ्यात जातो. गेट सोर्सला बांधला की फक्त आतल्या डायोडचं वळण दिसलं पाहिजे. गेट आणि सोर्समध्ये मात्र कललेली रेघ दिसली, तर तो संपला.

यापुढची पायरी कर्व्ह ट्रेसर. ट्रान्झिस्टरच्या बेसला पायऱ्यापायऱ्यांनी करंट द्यायचा आणि प्रत्येक पायरीला कलेक्टरची एक रेघ काढायची. टेकट्रॉनिक्सने १९५७ मध्ये यासाठी ५७५ हे अख्खं यंत्र काढलं. पुढे ७सीटी१एन सारखे, सीआरओच्या खाचेत बसणारे प्लग-इन आले, आणि हीथकिटचा आयटी-११२१ कुठल्याही साध्या सीआरओला जोडता येई. तुमच्या प्रोजेक्टसाठी हा विषय उत्तम आहे. बेसची पायरी १० मायक्रोअ‍ॅम्पिअरची आणि दोन रेघांतलं अंतर २ मिलिअ‍ॅम्पिअर, तर गेन, म्हणजे बीटा, २००. पुस्तकातला बीटा पोरांना असा पट्टीने मोजता येतो.

सुरक्षेबाबत हयगय करू नकोस. सीआरओच्या प्लगची अर्थ पिन कुणी कापू नये, कुणी काहीही सांगो. मेनला थेट जोडलेला कसलाही डबा बनवायचा नाही, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. कव्हर उघडलं तर आत ट्यूबला २,००० व्होल्टच्या घरातलं व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतं. तिथे पोरांना हात घालू देऊ नकोस. एक्स-वायवर ठिपका एका जागी थांबला तर इंटेन्सिटी लगेच उतरव, नाहीतर पडद्यावर कायमचा डाग पडतो.

डब्याचं सामान लातुरातच मिळेल. कर्व्ह ट्रेसरमधल्या पायऱ्यांच्या सर्किटसाठी ५५५ आणि ४०१७ हे आयसी लागतील. ४०१७ कुठे नाहीच मिळाला तर कळव. हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत आमच्याकडून कुणी ना कुणी जातच असतं, मागवून पाठवतो.

तुझा,
मामा