स्मृतीची मर्यादा आणि राखणदाराचा धर्म

ज्याच्यावर राखणीची जबाबदारी आहे त्याने किती लक्षात ठेवावे आणि काय सोडून द्यावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांना जुना आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश होतो असे सांगितले आहे, तर योगसूत्रांनी स्मृतीलाही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक मानून तिचा निरोध अपेक्षिला आहे. संगणकांच्या जाळ्यावर पहारा देणाऱ्या यंत्राची मेमरी काठोकाठ भरते तेव्हा हाच प्रश्न व्यवहारात उभा राहतो, आणि त्याचा निर्णय करताना नाशिकच्या गोदाकाठी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या श्राद्धविधीतील विचार मार्गदर्शक ठरतो.

घुसखोरी-शोधक यंत्रणा, म्हणजेच आयडीएस, ही जाळ्यातून जाणारी माहिती तपासून संशयास्पद हालचालीची सूचना देते. 1998 मध्ये मार्टिन रोश यांनी तयार केलेली स्नॉर्ट आणि नंतरची सुरिकाटा ही तिची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांतून प्रवास करते, आणि हल्लेखोर आपला घातक मजकूर मुद्दाम अनेक पॅकेटांत विभागून पाठवू शकत असल्यामुळे प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे पाहून भागत नाही. न्यायदर्शनाने शब्दबोधाच्या संदर्भात नेमकी हीच अडचण मांडली आहे: उच्चारलेला वर्ण क्षणात नाहीसा होतो, मग अनेक वर्णांच्या पदाचा अर्थ कळतो कसा? नैयायिकांचे उत्तर असे की, आधीच्या वर्णांचे संस्कार, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेले ठसे, शेवटच्या वर्णाला साहाय्य करतात. आयडीएसही प्रत्येक संवादाच्या प्रवाहाची, म्हणजे ‘फ्लो’ची, नोंद मेमरीत धरते आणि तुकडे क्रमाने जुळवून मगच निर्णय देते. स्मृतीवाचून पहारा नाही, हे येथे सिद्ध होते.

परंतु जी स्मृती पहाऱ्याचा आधार, तिच्यावरच हल्ला करता येतो. टॉमस टासेक आणि टिमथी न्यूशम यांनी 1998 मधील आपल्या निबंधात दाखवून दिले की, अर्धवट सुरू केलेल्या असंख्य जोडण्यांचा मारा करून राखणदाराची साधने संपवता येतात. सगळेच लक्षात ठेवू पाहणारी यंत्रणा अखेरीस पॅकेटे गाळू लागते किंवा बंद पडते, आणि मग तिला काहीच दिसत नाही.

म्हणून मेमरीचा वापर वाढलेला दिसताच यंत्र रीस्टार्ट करण्याऐवजी वाढीचे कारण ओळखणे हे पहिले कर्तव्य होय. लिनक्समध्ये वापरात दिसणाऱ्या मेमरीचा काही भाग फायलींच्या कॅशने व्यापलेला असतो आणि गरज पडताच मोकळा होतो, त्यामुळे तो दोष नव्हे. रूल, म्हणजे हल्ला ओळखण्याचे नियम, चालू यंत्रणेत नव्याने भरले जात असताना जुना आणि नवा असे दोन्ही संच काही काळ एकत्र राहतात, ती वाढही तात्पुरती असते. खरी चौकशी प्रवाहांची नोंद आणि तुकड्यांची जुळणी यांसाठी लागणाऱ्या मेमरीची असते, आणि सुरिकाटाच्या आकडेवारीत ती वेगवेगळी दिसते. या दोहोंना ‘मेमकॅप’ नावाची कमाल मर्यादा असते, आणि प्रवाहांच्या नोंदीला ‘टाइमआउट’ नावाची कालमर्यादाही असते. सुरिकाटाच्या नमुना-मांडणीत प्रवाहांसाठीची कमाल मर्यादा 128 एमबी असते. टीसीपी या संपर्क-पद्धतीची नवी जोडणी 60 सेकंद आणि प्रस्थापित जोडणी 600 सेकंद निष्क्रिय राहिल्यास तिची नोंद सोडली जाते, आणि मर्यादा गाठली की आणीबाणीची अवस्था लागू होऊन हे काळ अनुक्रमे 5 आणि 100 सेकंदांवर येतात.

श्राद्धविधीतही अशीच मर्यादा आहे. पार्वण श्राद्धात नाव-गोत्र उच्चारून पिंड दिले जातात ते पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना, आणि त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य यांच्या रूपात पाहिले जाते. सपिंडीकरणात नुकत्याच दिवंगत झालेल्याचा पिंड तीन भाग करून पितरांच्या पिंडांत मिसळला जातो. त्यामुळे तो पितरांत प्रवेश करतो आणि सर्वांत वरचा पूर्वज पिंडाच्या अधिकारातून निवृत्त होतो. मात्र तो टाकून दिला जात नाही: पिंड देताना हाताला चिकटलेला भाताचा लेप दर्भावर पुसतात, तो या ‘लेपभाज’ पूर्वजांचा वाटा. शिवाय नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वंशावळीच्या वह्यांत यजमानांच्या पूर्वजांची नावे टिकून राहतात. नित्य उच्चारायची स्मृती मर्यादित आणि जपून ठेवायची नोंद विस्तृत, हा भेद परंपरेने केला. यंत्राच्या बाबतीत मेमरी आणि डिस्कवरील लॉग यांतला भेदही हाच.

या दृष्टीने पाहता ‘मेमरी लीक’ या दोषाचे स्वरूप स्पष्ट होते. प्रोग्रामने मेमरी मागून घेतली आणि काम झाल्यावर परत केली नाही, तर ती ना उपयोगात असते ना मोकळी. सपिंडीकरण न झालेला जीव प्रेतावस्थेत अडकतो, जिवंतांत नाही आणि पितरांतही नाही, अशी श्रद्धा आहे. न धरलेले आणि न सोडलेले असे काही मागे राहणे हाच दोन्हीकडचा दोष. मर्यादा घालून दिलेली असूनही आणि वाहतूक स्थिर असूनही वापर दिवसेंदिवस चढतच राहिला, तर लीकचा संशय घ्यावा आणि सुधारित आवृत्ती बसवावी. अधिक मेमरी जोडल्याने ती भरण्याचा दिवस केवळ पुढे ढकलला जातो.

यावर आक्षेप असा की, 600 सेकंद थांबून पुढचा तुकडा पाठवणारा धीराचा हल्लेखोर सुटून जाईल. आक्षेप खरा आहे, कारण कोणतीही मर्यादा काहीतरी गमावते. शिवाय श्राद्धकर्त्याला सोडून देताना कृतज्ञता असते, तशी यंत्राला नसते. म्हणूनच काय सोडावे याचे उत्तरदायित्व यंत्रावर टाकता येत नाही. ते मर्यादा ठरवणाऱ्या माणसाचे आहे, आणि मोठ्या गर्दीच्या काळात ते अधिकच वाढते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा 2026-27 मध्ये आहे. त्या काळात ज्यांच्याकडे जाळ्यांची राखण असेल त्यांनी वाहतूक वाढण्यापूर्वीच मर्यादा ठरवाव्यात, लॉग वेगळे जपावेत आणि कोणती नोंद केव्हा सोडायची हे लिहून ठेवावे. विचारपूर्वक ठरवलेले विसरणे हा राखणीतील कसूर नसून राखणीचाच भाग आहे.